बल्ब गेला होता

“आब्ला, तुमची मुलाखत उद्या नक्की घेते,” असं म्हणून योंजा गिऱ्हाइकांचे कोट ठेवून घ्यायच्या खिडकीसमोरून सरळ आत गेली आणि बारपाशी सुआतसमोरच्या उंच स्टुलावर बसली.

आब्ला म्हणजे ताई. पुरुष असला तरी क्लबात सगळे नेझिहला असंच म्हणत. तो हातातल्या हँगरवरची धूळ पुसत राहिला. उद्या, उद्या करत आज चौथा दिवस. दुपारचे तीन वाजलेले, क्लब उघडायला अजून पुष्कळ अवकाश, खुर्च्या टेबलांवर उलट्या, ओल्या फरशीला फिनेलचा वास. आणि आत सुआतच्या तोंडाचा पट्टा सुरू. आपल्याला त्यातलं अवाक्षर ऐकायचं नाही, असं नेझिह मनाला बजावत होता आणि कान मात्र तिकडेच लावून बसला होता.

बेयोलूच्या बोळातल्या त्या तळघरात ‘गेजे सेफासी’ सुरू झाला त्याला एकतीस वर्षं झाली होती. गेजे सेफासी म्हणजे गुलबक्षी. दिवसा मिटलेली, संध्याकाळी उमलणारी. पुरुषांवर जीव जडलेल्या पुरुषांनी येऊन बसावं, नाचावं, कुणाच्या खांद्यावर डोकं टेकवावं आणि कुणी वळूनही बघू नये, अशी जागा शहरात इतकी वर्षं टिकली याचंच लोकांना अप्रूप. म्हणून आता तिचं पुस्तक व्हायचं होतं. विद्यापीठात शिकवणारी योंजा ते लिहीत होती आणि जुन्या माणसांचं बोलणं टेप करत हिंडत होती. जुनी माणसं उरली होती दोनच. बारवरचा सुआत आणि कोटांच्या खिडकीवरचा नेझिह.

“नाव फेरितलाच सुचलं,” आत सुआत सांगत होता.

नेझिहचा फडका थांबला. फेरितला सुचलं? बुर्साला नेझिहच्या आईनं तेलाच्या रिकाम्या डब्यांत गुलबक्षी लावली होती. तिच्यावरून हे नाव त्यानं फेरितला सांगितलं, तेव्हा हा शहाणा कुठं होता? अदानात ट्रकांची पंक्चरं काढत होता. पण हे कुणाला सांगणार? विचारतंय कोण?

फेरित म्हणजे गुलबक्षीचा मालक. सहा वर्षांपूर्वी वारला. उंचापुरा, केस अकाली पांढरे झालेला, हसला की डोळे बारीक व्हायचे. पहिली दोन वर्षं तो नेझिहचा होता. दोघांनी मिळून ती पडीक वखार साफ केली, भिंती रंगवल्या, वरच्या मजल्यावर एकाच खोलीत संसार केला. नेझिह आधी शिंप्याकडे कामाला. कोटांची त्याला पारख, म्हणून खिडकी त्याच्याकडे आली. मग एका उन्हाळ्यात सुआत नोकरी मागायला आला. कोवळा, रुंद खांद्यांचा, तोंडात साखर. सहा महिन्यांनी फेरितनं नेझिहला समोर बसवून सांगितलं की माझं मन आता तिकडे आहे, तुला फसवायचं नाही म्हणून सांगतोय, तुझी जागा मात्र कुठे जात नाही. जागा म्हणजे खिडकी.

नेझिह राहिला. का राहिला, असं क्लबातल्या पोरांनी कितीदा विचारलं. तो म्हणायचा, जाणार कुठं? खरं कारण असं की रोज संध्याकाळी फेरित आपला कोट त्याच्या हातात द्यायचा. तेवढं एक त्याच्याकडे उरलं होतं आणि तेवढ्यावर त्यानं आयुष्य काढलं. सुआतचा कोट तो टपकणाऱ्या पाइपाखालच्या खुंटीला अडकवायचा. फेरित होता तोवर, तेवीस वर्षं अडकवला. सुआतनं कधी तक्रार केली नाही, याचाही नेझिहला राग होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते असं नाही. “बर्फ आला का”, “दार लाव”, एवढं बोलत. पण सुआत त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. जिंकलेल्या माणसाचा ताठा आहे हा, असं नेझिहनं कधीच ठरवून टाकलं होतं.

साडेचारला योंजा टेप बंद करून बाहेर आली, ती जायच्या ऐवजी खिडकीच्या फळीवर कोपरं टेकून उभी राहिली. चेहरा उतरलेला.

“आब्ला, एक विचारायचंय. छाप्याच्या रात्रीबद्दल.”

ती रात्र गुलबक्षीत सगळ्यांना तोंडपाठ होती, तिथं नसलेल्यांनाही. त्या काळी पोलीस केव्हाही यायचे. जिना फक्त खिडकीतूनच दिसायचा, म्हणून फळीखाली एक बटण बसवलं होतं. नेझिहनं ते दाबलं की बारवरचा लाल बल्ब लागायचा. सुआत एकच शब्द टाकायचा, “नाश”. त्यांच्या आपसातल्या बोलीत नाश म्हणजे पळा. पण पळायचं कुणी नाही. गाणं बदलायचं, सनईसारखा झुर्ना आणि ढोल वाजू लागायचे आणि मिठीत नाचणारे पुरुष करंगळीत करंगळी अडकवून रांगेनं ‘हालाय’ नाच धरायचे. गावोगावी लग्नात बापे धरतात तसा. तेच पुरुष, तेच हात. पण रांग केली की ती रीत झाली. पोलीस दारात उभे राहून बघायचे, एखाद-दुसरा टाळ्यासुद्धा वाजवायचा, आणि निघून जायचे.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात मात्र बल्ब लागला नाही. पोलीस आत शिरले तेव्हा लोक एकमेकांच्या गळ्यात होते. अकरा जणांना नेलं. कुणाची नोकरी गेली, एकाच्या घरी बायकोला कळलं. सुआतला चौकीत असा मारला की डावा कान कायमचा गेला. चार महिने क्लबला सील होतं. त्या रात्री बारवरच्या बाटल्या, दिवे, सगळंच फोडलं होतं, त्यामुळे बघायला काही उरलं नव्हतं. फेरितनं विचारलं, दाबलं होतंस? नेझिह म्हणाला, दाबलं होतं. मग फेरित म्हणाला, म्हणजे बल्ब गेला होता. तेव्हापासून गुलबक्षीच्या इतिहासात ते वाक्य पक्कं झालं.

“सुआत म्हणतात, हे पुस्तकात आलंच पाहिजे,” योंजा हळू आवाजात म्हणाली. “बल्ब बदलायचं काम त्यांचं होतं. उन्हाळ्यापासून तो लुकलुकत होता, फेरितनी दोनदा सांगितलं, ते विसरले. अकरा माणसं माझ्यामुळे पकडली गेली म्हणाले. तुम्ही वेळेवर दाबलंत आणि मी माती खाल्ली, म्हणून आजवर तुमच्याकडे मान वर करून बघता आलं नाही म्हणाले. बोलताना रडले. तुम्ही दाबलं होतं ना, एवढंच मला विचारून घ्यायचंय.”

नेझिह तिच्याकडे बघत राहिला. आणि काय गंमत बघा, त्याला आधी कळवळा आला नाही. आधी उसळला तो जुनाच मत्सर. माणूस घेतला, क्लबचं नाव घेतलं, पुस्तक घेतलं, आणि आता हेही? एकतीस वर्षांत या जागेत नेझिहच्या हातून घडलेली एकच मोठी गोष्ट होती. ती वाईट होती, पण त्याची होती. तीसुद्धा सुआतच्या नावावर छापून येणार होती, वर लोक हळहळणार होते.

“चल,” तो योंजाला म्हणाला आणि खिडकीचं दार उघडून बाहेर आला.

सुआत ग्लास पुसत होता. नेझिह त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

“मी दाबलं नव्हतं,” नेझिह म्हणाला.

“काय?”

“बटण. दाबलं नव्हतं मी. तुझ्या बल्बला काही झालं नव्हतं.”

सुआतनं ग्लास खाली ठेवला. योंजाला टेप सुरू करायचं भान राहिलं नाही, आणि ते बरंच झालं.

मग नेझिहनं सांगितलं. रोज सांगत असल्यासारखं सपाट आवाजात, कारण मनातल्या मनात तो खरंच रोज सांगत होता. त्या रात्री मी फेरितच्या कोटाचे खिसे चाचपत होतो. रोजच चाचपायचो. रुमाल, सिगारेटी, कधी तुझी चिठ्ठी, असं काहीबाही. त्या रात्री इझमीरच्या बोटीचं तिकीट निघालं. दोघांची केबिन. फेरितचं नाव आणि पुढे ‘अधिक एक’. तुला घेऊन चाललाय हे कळलं आणि अंगाची लाही लाही झाली. मला त्यानं कधी इथल्या गलाता पुलापलीकडे नेलं नव्हतं. ते तिकीट हातात धरून उभा होतो तेव्हा बूट वाजले. जिन्यावर वाजले, मी ऐकले. बटण इथं, हात इथं. दाबलं नाही. मारतील, धरतील असं काही मनात नव्हतं. मनात एवढंच होतं, की होऊ दे काय व्हायचं ते.

“आणि तिकीट?” सुआतनं विचारलं.

“फाडलं. फेरितनं कधी विचारलं नाही.”

सुआत बारवर पुढे वाकला. आता हा मारेल, असं योंजाला वाटलं. मारलं असतं तर नेझिहला सोपं गेलं असतं.

“तिकिटावर तारीख काय होती?” सुआत म्हणाला.

“सतरा नोव्हेंबर.”

“सतरा. नक्की?”

“सतरा. रविवार.”

सुआतनं बारच्या कडेला दोन्ही हात टेकले. “सतराला माझ्या बहिणीचं लग्न होतं अदानाला. पंधराला मी निघणार होतो, आठवडाभर तिकडे राहणार होतो. बसची जागा फेरितनंच धरून दिली होती, महिनाभर आधी. या कानापायी लग्न चुकलं माझं, तारीख कशी विसरेन? इझमीरचं मला काहीच माहीत नाही.”

 वर गल्लीत कुणीतरी शटर ओढलं, त्याचा आवाज खाली आला.

“म्हणजे मी तिकडे गेलो की तो जाणार होता,” सुआत म्हणाला. “मला पत्ता लागू न देता.” मग त्यानं नेझिहकडे सरळ बघितलं, इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं तसं. “तुला नेणार होता.”

“काहीतरीच. दुसरा कुणी असेल.”

“दुसरा कोण? नाव सांग.”

“मला काय माहीत?”

“त्याच्या खिशातली काडीसुद्धा तुला माहीत असायची म्हणतोस. मग नाव सांग ना दुसऱ्याचं.”

तो आवाज नेझिहनं ओळखला. मुद्दाम खाली ठेवलेला. तो त्याचा स्वतःचा आवाज होता. आज सुआतच्या तोंडून येत होता एवढंच. उभ्या आयुष्यात त्यानं एकच मागितलं होतं, की हा माणूस एकदा तरी आपल्यावर जळावा. तो समोर जळत होता, आणि नेझिहला त्यात काही गोडी लागेना. त्याला बोटीचा भोंगा वाजवून निघून गेलेला तो रविवार दिसत होता. ते तिकीट आपल्यासाठी होतं का? असेल तर आपण काय फाडलं? सांगणारा सहा वर्षांपूर्वी मातीत गेला होता.

योंजानं वही उघडली. काहीतरी करायला हवं म्हणून उघडली असावी. “मी काय लिहू?” तिनं दोघांना मिळून विचारलं.

“बल्ब चांगला होता, असं लिही,” नेझिह म्हणाला. “खिडकीवर नेझिह होता आणि त्यानं बटण दाबलं नाही. आडनावासकट लिही. आणि क्लबचं नाव फेरितला सुचलं असं हा म्हणतोय, ते राहू दे तसंच.”

“आणि का नाही दाबलं, ते?”

नेझिहनं तोंड उघडलं, पण सुआत आधी बोलला. “ते लिहायचं नाही,” तो म्हणाला. “ते आमचं घरातलं आहे.”

योंजानं लिहून घेतलं. लिहिलेलं वाचून दाखवलं. दोघांनी माना डोलावल्या. मग ती निघून गेली आणि आत दोघंच राहिले. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून नेझिह खिडकीकडे निघाला. सुआतनं पुन्हा ग्लास हातात घेतला होता, पण पुसत नव्हता.

“नेझिह,” त्यानं हाक मारली. “केबिन कुठली होती? आतली, का समुद्राकडची?”

दोनशे चौदा नंबर, वरचा डेक, समुद्राकडची. खाली निळ्या शाईनं लिहिलं होतं, सकाळचा नाश्ता खोलीत.

“आठवत नाही,” नेझिह म्हणाला. “आतली असेल.”