जवसाच्या तेलाच्या चिंध्या

"काकी, ये क्या तमाशा है? दुपारी चांदनी गावची गाहक पार्टी येणार, अन् दारातच चिंध्या?"

फर्निचर कारखान्याचा मालक रितेशशेठ ओरडला. सागाच्या पलंगाला जवसाचं तेल चोळून झाल्यावर त्या ओल्या चिंध्या मी कुंपणाच्या तारेवर एकेक पसरल्या होत्या. त्याने सगळ्या ओढल्या, गाठोडं आवळलं आणि थिनरच्या डब्यांमागे कोंबलं.

"शेठ, गाठोड्यात या चिंध्या तापतात. आपोआप पेटतात."

"आपोआप? मग त्या वेळची काकांची बिडी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षांपूर्वी हा कारखाना जळाला, तेव्हा याच्या बापाने बोट दाखवलं आमच्या ह्यांच्याकडे, गिरधर मिस्तरींकडे. जन्मात बिडीला न शिवलेला माणूस! आग विझवताना दोन्ही हात भाजले, ते कुणी बोललं नाही. नंतर बुऱ्हाणपुरात त्यांना कुणी कामावर घेतलं नाही. मी मात्र इथेच पॉलिश करत राहिले. खोटं याचा बाप बोलला, मी का पळू?

जेवण उरकून आले तर खवट, जळका वास. गाठोडं ओढून काढलं आणि पाहुण्यांदेखत शेठच्या काचेच्या टेबलावर आपटलं.

"घाला हात."

"काकी, गाहक बसलेत..."

"बसू द्या! घाला."

त्याने गाठ सोडून बोटं आत घातली आणि "आई गं!" करून मागे ओढली. मधून धुराची बारीक रेघ निघाली. मी गाठोडं पाण्याच्या बादलीत बुडवलं.

"आता सांगा, यात कोणाची बिडी होती?"

बोटं फुंकत तो म्हणाला, "चुकलं, काकी."

"मले नका सांगू. राजघाटाजवळ घर आहे आमचं. तिथं येऊन त्यांना सांगा. नाही आलात तर उद्या मी सगळ्या बाजारात सांगते."

संध्याकाळी तो खरंच आला. हे ओट्यावर बसले होते, आखडलेले हात मांडीवर ठेवून.

"काका," मान खाली घालून तो म्हणाला, "आग बिडीनं नव्हती लागली, अशाच गाठोड्यानं लागली. बाबा खोटं बोलले."

वाटलं, आता हे ओरडतील. ओरडायलाच हवं होतं! पण त्यांनी एवढंच विचारलं,

"बाकी कारागिरांच्या दुपारनंतरच्या चिंध्या तारेवर घातल्या का?"

"नाही, काका."

"मग इथं काय उभा? जा, पहिले त्या पसर."