भित्रा गजर

अकराव्या फेरीतही गजराने तेच केलं. अणुसंलयनाच्या यंत्रातला तप्त वायू छान शांत जळत होता, आणि लोरेदानाच्या गजराने त्याच्यावर थंड निऑनचा फवारा मारून त्याला विझवलं. गाढ झोपलेल्या लेकराच्या तोंडावर पाणी मारावं, तसं.

"विझला!" कुणीतरी म्हणालं. आता कुणी हसतही नव्हतं.

तीन वर्षं तिने या गजरावर घातली होती. आत शक्ती बेफाम उसळण्याआधी बारीकशी चाहूल लागते. ती ओळखून वेळेत विझवायचं, एवढंच त्याचं काम. आज सहाला यंत्र दीड वर्षासाठी बंद होणार होतं. त्याआधी एकदा तरी गजर वेळेवर वाजला, तरच तो यंत्रात राहणार.

"लोरे, तुझा गजर म्हणजे माझी सासू," प्रमुख फुल्वियो म्हणाला. "काही झालेलं नसताना ओरडते."

"आणि ठरावीक आकडा ओलांडल्यावरच फवारा मारणारी तुझी जुनी मर्यादा म्हणजे सासरा. सगळं उरकल्यावर खाकरतो."

कॉफीच्या यंत्रापाशी म्हातारा फिटर इलारिओ उभा होता. तिने त्रासून विचारलं, "खरं सांगा, हिवाळ्यातल्या दुरुस्तीत भिंतीमागच्या मोजणीच्या कॉइलींना हात लावलात?"

"एकीलाच. सात नंबर. पंधरा वर्षं उलटी बसली होती बिचारी. केली सुलटी."

"सांगितलंत कुणाला?"

"चांगल्या कामाची दवंडी कशाला पिटायची, पोरी?"

लोरेदानाने कपाळावर हात मारला. सात नंबर उलटी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक जण आपल्या प्रोग्रॅममध्ये तिच्या आकड्याआधी उणे चिन्ह घालायचा. तिनेही घातलं होतं. म्हणजे कॉइल सुलटी झाल्यापासून गजराला चढ हा उतार वाटत होता, आणि उतार हा चढ!

ती धावत आली, चिन्ह खोडलं. "फुल्वियो, सापडलं! शेवटच्या फेरीला जोडू या."

सगळं ऐकून घेऊन त्याने घड्याळ पाहिलं. "बदललेला गजर आधी जुन्या फेऱ्यांवर तपासायचा. पाऊण तासाचं काम. नियम तूच करून घेतलास ना?"

"अरे, एक चिन्ह आहे!"

"उद्या दुसरा कुणी हेच म्हणेल. गजराला नुसतं ऐकू दे. फवारा जुन्या मर्यादेकडे."

बाराव्या फेरीत नेमकी शक्ती उसळली. पायाखालची फरशी हादरली, आतून धप्प आवाज आला, आणि मग कुठे जुन्या मर्यादेला जाग आली.

फुल्वियो पडद्यावरच्या दोन रेघा बघत राहिला. गजर उसळीच्या साठ मिलिसेकंद आधी वाजला होता. विझवायला वीस पुरली असती.

"वाजला गं," तो हळूच म्हणाला. "ठेवू या यंत्रात. वहीत लिहितो, गजर वेळेवर वाजला."

"तोंड बांधलेलं होतं, हेही लिही."

त्याने तेही लिहिलं. लोरेदाना मात्र आतल्या कॅमेऱ्याचं चित्र बघत होती. भिंतीची एक टाइल मधोमध तडकली होती. तिने पडद्यावर बोट ठेवलं, काढलं, आणि टेबलाला एक लाथ घातली.