एक चौकोन फुगेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. लोखंडाची, जाड बुडाची आणि जराशी हट्टी. एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले. पुढे एका तरुण आचाऱ्याने मला उचलले आणि थेट जहाजावर नेले.

तिथे मी बेन्ये तळू लागले. बेन्ये म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे चौकोन. नीट तळले तर ते उशीसारखे टम्म फुगतात. वरचा पापुद्रा कुरकुरीत आणि आत मऊ जाळी. त्यांवर पिठीसाखर भुरभुरली की खलाशी बोटे चाटत बसायचे. "कढई असावी तर अशी!" असे कोणी म्हटले की मी लोखंडाची असूनही लाजायचे.

मग एके सकाळी आचाऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. त्याची धाकटी बहीण शिवणकाम करून एकटीच राहत असे. तिने त्याला आपल्या घरी आणले, आणि सामानासोबत मलाही. तो दिवसभर खिडकीशी बसे. दोन घास खाऊन ताट बाजूला सारी. मी ओट्याखाली गंजत होते. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.

एका रविवारी बहिणीने मला बाहेर ओढले आणि घासघासून गंज काढला.

"दादा, आज बेन्ये करते. कसे करायचे ते सांग."

"माझं स्वयंपाकघर संपलं, चिमणे."

"बरं. मग माझं मी बघते."

पीठ हाताला चिकटले, म्हणून तिने त्यात मूठमूठ मैदा घातला. बेन्ये दगडासारखे झाले. दादाने एक चावून पाहिला.

"यावर तुझ्या कात्रीला धार लाव."

ती हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. पुढच्या रविवारी तिने पीठ सैल ठेवले, पण तेल तापायच्या आधीच चौकोन सोडले. ते तेल पिऊन मलूल पडले. त्यानंतर तिने धूर निघेपर्यंत तेल तापवले. बेन्ये बाहेरून काळे आणि आतून कच्चे! मला फार वाईट वाटले.

"सोड ना आता," दादा वैतागला. "कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

"तुझं भरलेलं ताट रोज परत उचलायचं, तो त्रास याहून मोठा आहे. जमेपर्यंत मी करणार."

दादाने तोंड खिडकीकडे फिरवले.

पुढच्या खेपेस तिने मऊ पीठ झाकून चांगले फुगू दिले. तेलात आधी चिमूटभर पीठ टाकले. ते लगेच वर आले, तेव्हाच तिने चौकोन सोडला. तो तरंगला, पण वरून सपाटच राहिला.

"वरून तेल घाल, पळीने."

भिंतीला धरून दादा दारात उभा होता. तिने घाबरत घाबरत थोडे तेल उडवले.

"अगं, अत्तर शिंपडतेस का? दे इकडे."

त्याने पळी डाव्या हातात घेतली. हात थरथरत होता. पहिली पळी ओट्यावर सांडली. बहिणीने पटकन आच कमी केली आणि हात पुढे केला.

"दादा, राहू दे, मी…"

"हात लावू नकोस."

दुसरी पळीही सांडली. मी बुड टेकून घट्ट बसून राहिले. तेवढेच माझ्या हाती होते. तिसरी पळी मात्र बरोबर चौकोनावर पडली. तो शहारला, हळूहळू वर उचलला गेला आणि टम्म फुगला.

दादाने तो फोडला, आतली जाळी निरखली आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

"जरा जाड लाटलंस," तो म्हणाला. "दुसरा सोड."

मित्रांनो, मला धुतलेत तर कोरडी पुसून ठेवा, तेलाचे बोट फिरवा. मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. आणि तुमच्या घरात कोणाचा हात थरथरत असेल, तर मायेपोटीसुद्धा त्याच्या हातातली पळी काढून घेऊ नका. सांडलेले तेल पुसता येते.