बाकांचा उतार

शाळेनं जुने बाक मोडीत काढले आणि सूनबाईच्या अंगात आलं. आयुष्यभर कपडे शिवणारी ही बाई. मशीनचं टेबल डुगडुगलं की पायाखाली पुठ्ठा सारायचा, एवढंच तिचं सुतारकाम. पण तिनं बाकांच्या फळ्या हातगाडीवर घालून आणल्या, गंजके खिळे उपटले आणि आठवड्यात दारापासून फाटकापर्यंत, तीन पायऱ्यांवरून, बारा फुटांचा उतार उभा केला. मोडक्या पलंगाच्या पट्ट्यांचे कठडेसुद्धा लावले.

सगळं सासूबाईंसाठी. पडल्यापासून त्या चाकाच्या खुर्चीत होत्या आणि आठ महिने त्यांनी रस्ता पाहिला नव्हता. मुलानं उचलून न्यायचं म्हटलं की विचारायच्या, "मी काय गोणी आहे?" उताराबद्दलही त्यांनी बजावलं होतं, "पाच वाजता एकदा बसेन. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

फळ्यांची एक बाजू पोरांनी कोरून कोरून चाळण केलेली. सासूबाई त्याच शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या, आणि बाक कोरणाऱ्याला दिवसभर वर्गाबाहेर उभं करायच्या. म्हणून सूनबाईनं ती बाजू खाली दडवली. वरची बाजू घासून गुळगुळीत केली, पॉलिशचे तीन हात दिले आणि स्वतःवरच जाम खूश झाली.

चार वाजता पुस्तकांची दोन खोकी खुर्चीत ठेवून तिनं तालीम घेतली. खुर्ची निघाली ती थांबेचना. ब्रेक लावला तरी चाकं घसरत गेली, मागोमाग सूनबाई चपलांसकट. शेवटी फाटकानं दोघींना अडवलं.

नवरा धावत आला. "लागलं का गं?"

"स्क्रू ड्रायव्हर आण," ती जमिनीवरूनच म्हणाली. "फळ्या उलटायच्या."

"पण आई ते बघून रागावेल."

"रागावू देत. बाहेर येऊन रागावतील."

शेवटचा स्क्रू बसला तेव्हा पाचला पाच कमी होते. सूनबाईनं फळीवर हात फिरवला. बोट जागोजागी खाचांत अडकत होतं, आणि तिचा आनंद पोटात मावत नव्हता.

सासूबाई निघाल्या. चाकं खरखरत, फळी धरून धरून उतरू लागली. सूनबाई मागून खुर्ची धरून चालत होती.

"हा डावखुरा," सासूबाई वाकून कोरलेली नावं वाचत होत्या. "याला दोनदा बाहेर काढला होता मी." मग एकदम म्हणाल्या, "थांब."

खुर्ची भर उतारावर जागच्या जागी थांबली. पुढच्या चाकाशी एक चेहरा कोरला होता. अंबाडा, चष्मा, हातभर नाक, आणि खाली 'बाई'. चाक नेमकं नाकाच्या खाचेत बसलं होतं.

"नाक जरा जास्तच काढलंय मेल्यानं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "राहू दे तसंच. कशी धरून ठेवलीय मला, बघ. चल आता, रस्ता दाखव."