अंगाच्या रंगाची डबी

मी एक जुनी लेपाची डबी आहे. मित्रांनो, अंगावरचे डाग झाकणे हे माझे काम. मला ज्या आजींनी आणले, त्यांना तर घरातले सगळेच झाकायची हौस.

त्यांच्या मुलाच्या मानेवर जन्मापासून गुलाबी डाग होते, भोवती फिकट कडी असलेले. लग्न ठरताना आजींनी त्याची मान रंगवली आणि हळूच स्वतःच्या गळ्याखालचा तसाच डागही झाकून टाकला. मुलाच्या मानेवर लहानपणी गरम पाणी सांडले होते, असे त्या सांगत. सुनेनेही ते खरे मानले आणि खुद्द मुलानेही. माझे कौतुक काय विचारता! ओल आलेल्या भिंतीला चुना फासून मोकळी होणारी माणसे ही.

मग नात झाली. तिच्या हातांवरही तसेच डाग. आजींनी खापर फोडले सुनेच्या माहेरावर आणि मला पुन्हा कामाला जुंपले. मी वाळले की दोन थेंब तेल घालायचे, झाले. पोरीचे डोके सारखे दुखायचे. डॉक्टरांकडे नेतानाही आधी हात रंगवायचे, कारण चारचौघांत शोभा नको. डॉक्टरांनी चष्मा दिला. डोके दुखतच राहिले.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी रक्त घ्यायला पोरीचा हात कापसाने पुसला. कापूस माझ्या रंगाचा झाला. बाईंनी दोन्ही हात धुवायला लावले. असे डाग कधीकधी आईवडिलांकडून येतात, त्यांच्याबरोबर मेंदूतही रक्तवाहिन्यांचा गुंता असू शकतो, डोक्याची तपासणी आजच करू, असे त्या म्हणाल्या. घरात आणखी कुणाला आहेत का, असेही विचारले.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," आजी म्हणाल्या.

आजींच्या मुलाने कॉलर खाली करून मान पुसली. "हे भाजल्याचे आहेत ना?"

बाईंनी निरखून पाहिले. "नाही. हे जन्मापासूनचे."

तो वळला. "आई, पाणी कधी सांडलं होतं?"

आजी पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. पर्समध्ये मीच होते.

गुंता सापडला, वेळेत सापडला म्हणून उपचार झाले. पोर आता उघड्या हातांनी शाळेत जाते. तिला पाहिले की मला माझीच लाज वाटते.

आज आजींनाही तपासायला बोलावले आहे. निघण्याआधी त्यांनी दार लावले, मला उघडले आणि गळ्याखाली बोट फिरवले.

मित्रांनो, माझ्या तळाशी आता नखाएवढा लेप उरला आहे. तो संपला की कृपा करून दुसरी डबी आणू नका.