ओल्या चादरींचा कठडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कठडा आहे. खरे सांगायचे तर आता कठडा कसला, हातभर तुकडा उरलो आहे. माझे बाकीचे अंग चुलीत गेले.

मला एका हट्टी सुताराने घडवले. गावाबाहेरच्या रस्त्यावर एक दगडी घर होते. तिथे घोडागाड्यांचा मुक्काम पडायचा. त्या घराच्या वरच्या सज्जाला त्याने मला बसवले आणि काम संपल्यावर स्वतःच माझ्यावर पोट टेकून बाहेर लोंबकळला. खालून त्याची बायको ओरडली, "अहो, उतरा! पडाल ना!"

"मीच पडलो तर दुसऱ्यानं कशाला टेकायचं याला?" तो हसत म्हणाला. तेव्हा लोक आधी पारखत आणि मग विश्वास टाकत.

पुढे मोटारी आल्या, रस्ता दुसरीकडून गेला आणि घर ओस पडले. कितीतरी वर्षांनी ते दोघा भावांकडे आले. थोरला लवकरच वारला. मग धाकट्याने आणि त्याच्या विधवा वहिनीने तिथे पाहुणे ठेवायला सुरुवात केली. रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी. धाकटा गोड बोलायचा, वहिनी राबायची. शहरातले पाहुणे माझ्यावरून हात फिरवत आणि "अहाहा, किती जुनं!" म्हणत. मीही जरा शेफारलो. म्हातारपणी कौतुक कोणाला नको असते?

वहिनी रोज सकाळी पाहुण्यांच्या चादरी धुऊन माझ्यावर वाळत टाकायची. एकदा ती म्हणाली, "भाऊजी, मागच्या अंगणात दोरी बांधून द्या ना. कठड्याला ओल धरतेय."

"छे हो वहिनी! जुन्या सज्जावर पांढऱ्या चादरी फोटोत काय दिसतात! लोक त्यासाठीच तर येतात."

दोरी काही बांधली गेली नाही. उलट एखादाच पाहुणा असला, तर धाकटा कपाटातल्या कोऱ्या चादरी भिजवून सज्जा भरायला लावायचा. वहिनी कपाळावर हात मारायची आणि भिजवायची. ते पाणी निथळून माझ्या सांध्यात मुरत राहिले. आतून मी कुजत होतो आणि बाहेरून पॉलिशने चकाकत होतो. वरून कीर्तन, आतून तमाशा!

"भाऊजी, कठडा हलतोय. सुताराला बोलवा," वहिनीने पुन्हा सांगितले.

"सुतार आला की नवं लाकूड ठोकणार. मग आपलं जुनेपण कुठं राहिलं? जुनं ते सोनं, वहिनी."

त्याने माझ्या भेगेत मेण भरले आणि वरून गडद रंग फासला. भेग दिसेनाशी झाली. मला मात्र फार भीती वाटू लागली, कारण मला टेकून रोज उभी राहणारी ती एकटीच होती.

एका सकाळी पाहुणे खाली अंगणात चहा घेत होते. वहिनी पिळलेली जड चादर माझ्यावर टाकायला वाकली. मी जीव एकवटून तिला धरू पाहिले, पण सांध्यात लाकूडच उरले नव्हते. मी सुटलो. ती चादरीसकट खालच्या फरशीवर आदळली.

जीव वाचला, पाय गेले.

धाकटा ढसाढसा रडला. ते रडणे खोटे नव्हते. मग लोखंडी कठडा आला, मागच्या अंगणात दोरीही आली. बैल गेला नि झोपा केला. माझा एक धड तुकडा त्याने न्याहारीच्या खोलीत भिंतीवर टांगला आणि वर एक दिवा लावला. पाहुणे विचारत, "हा मोडला कसा?" तो म्हणे, "काळाच्या ओघात."

वहिनी तिथेच चाकांच्या खुर्चीत बसून पावाला लोणी लावत असे. ती कधी बोलली नाही. पण एकदा एक बाई म्हणाल्या, "किती छान जपलंय हो तुम्ही सगळं!" तेव्हा वहिनीने सुरी खाली ठेवली.

"काळानं नाही मोडला तो. मी पडले त्याच्यावरून. आधी दोनदा सांगितलं होतं मी."

धाकटा मान खाली घालून उभा राहिला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचे कौतुक जरूर करा, पण आधी त्यांना हलवून बघा. आणि घरात राबणारे माणूस काही सांगत असेल, तर हातातले काम टाकून त्याचे ऐका. मला सांधायला एक सुतार पुरला असता. वहिनीला सांधायला कोणीच पुरले नाही.