मापातली अस्वलं

थिबोडोबाईंनी कप उपडा केला आणि रंगीत अस्वलं टेबलभर घरंगळली.

"मोज," त्या म्हणाल्या.

वेंडल बील बालवाडीच्या खुर्चीत बसला होता. म्हणजे त्याचे गुडघे छातीशी आले होते आणि खाली खुर्ची आहे हे बाहेरून कळत नव्हतं. बाह्यांना शेवंडीच्या सापळ्यांवर तरंगणाऱ्या बोयांचा नारिंगी रंग लागलेला, अजून ओला. मे महिना. सापळे पाण्यात सोडायचे दिवस, आणि तो इथे प्लास्टिकची अस्वलं मोजत होता. काही अंगठ्याएवढी, काही त्याहून मोठी, काही अगदी चिमुकली.

"बारा."

"तुझी लेक चार म्हणते."

"चार?"

"गेल्या आठवड्यात चार. सोमवारी चार. काल पुन्हा चार. उरलेली उचलून मांडीत टाकते, आणि संपलं. जणू ती नव्हतीच."

"घरी वीसच्या पुढे जाते, बाई."

"आकडे म्हणते, ते मलाही ठाऊक आहे. आकडे पोपटही म्हणेल. म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं." बाईंनी आवाज खाली आणला. "मार्नीला अजून एक वर्ष इथेच राहू दे, वेंडल. तिचं भलंच होईल."

वेंडलने हातातलं अस्वल टेबलावर ठेवलं. ते पडलं. त्याने पुन्हा उभं केलं.

"मला ठेवलंत तेव्हाही हेच म्हणाला होतात. माझ्या आईला. मी दाराआड उभा होतो."

"आणि पुढच्या वर्षी तू वाचायला लागलास."

"लागलो ना. तोवर अख्ख्या खाडीला पाठ झालं होतं, वेंडल बील म्हणजे ढ. अजूनही धक्क्यावर कुणी काही चुकला की म्हणतात, काय रे, बीलच्या बाकावर बसला होतास का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेक अस्वल कपात टाकलं.

"शुक्रवारी शेवटचं बघते. मग ठरवू. तूही ये. तिथे मागे, कोट टांगतात तिथे बस. पण एक अट. तोंड उघडायचं नाही."

"मी कधी—"

"कधीच गप्प बसला नाहीस. म्हणून तर सांगतेय."

•

घरी:

सतरा बटणं. मार्नीने ती मोजली. वेंडलने ती विस्कटली. मार्नीने पुन्हा मोजली. सतरा.

"बरोबर आहे की!" वेंडल म्हणाला, आणि हे त्याने असं म्हटलं की जणू बरोबर असणं हाच गुन्हा होता.

चुलीपाशी त्याची बायको कोरीन मासळीचं सूप ढवळत होती. वळून न बघता ती म्हणाली, "सप्टेंबरात बाईंनी सगळ्या आईबापांना बोलावून काय सांगितलं होतं? अभ्यास वेगळा मांडून बसू नका. घरात जे काम चालतं त्यात पोराला घ्या. त्यातच मोजा, त्यातच बोला."

"मग मी काय केलं? दर शनिवारी होडीवर नेली. हात गोठेपर्यंत."

"मग आता हा बटणांचा डबा कशाला काढलास?"

वेंडल मार्नीकडे वळला.

"शाळेत काय होतं गं तुला?"

"काही नाही."

"कपात अस्वलं किती असतात?"

"चार."

त्याचा हात टेबलावर आदळला. बटणं उडाली, जमिनीवर पसरली. सुपातला डाव थांबला.

"आवाज खाली," कोरीन म्हणाली. "ती तुझ्या होडीवर कामाला नाही."

मार्नी खुर्चीवरून उतरली. टेबलाखाली जाऊन एकेक बटण उचलू लागली, आणि उचलताना मोठ्याने मोजू लागली. एक. दोन. तीन. नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्याने. बापाला निदान तेवढं तरी ऐकू जावं म्हणून.

वेंडल बाहेर शेडमध्ये गेला. एकाच बोयाला त्याने दोनदा रंग दिला.

•

शुक्रवार. कोटांच्या रांगेत वेंडल. एक ओला रेनकोट त्याच्या कानाला चिकटलेला. पलीकडच्या टेबलावर बाकीची मुलं मातीचे गोळे वळत होती. खिडकीजवळच्या टेबलाशी बाई, आणि त्यांच्यासमोर मार्नी, पाय जमिनीला न पोचलेले.

"मार्नी, नीट मोजून सांग हं."

मार्नीने चिमुकलं हिरवं अस्वल उचललं. अंगठा त्याच्या डोळ्याशी टेकवला, पहिलं बोट पाठीच्या टोकाशी. मान तिरकी करून पाहिलं. मांडीत टाकलं.

टेबलावर: अकरा.
मांडीत: एक.
कोटांमध्ये: आज ताप आल्याचं सांगून हिला घरीच ठेवायला हवं होतं, असा विचार.

मोठं लाल. अंगठा, बोट. मांडीत.

टेबलावर: दहा.
मांडीत: दोन.
कोटांमध्ये: वेंडलचे डोळे मिटलेले.

मग ते उघडले.

मधलं पिवळं. अंगठा, बोट. हे मांडीत गेलं नाही. मार्नीने ते उजव्या हाताला नीट ठेवलं, आणि ठेवण्याआधी त्याच्या दोन्ही पंजांवरून एकेकदा चिमूट फिरवली. रबर चढवावं तशी.

कोटांमध्ये: वेंडल उभा.

डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत. शनिवारी, आमिषाच्या उपड्या क्रेटवर उभी राहून, पितळी माप दोन्ही हातांत धरून. सापळा वर यायचा, तो शेवंड काढून तिच्यापुढे धरायचा. काय गं? लहान. पाण्यात. ही? जास्तच मोठी. पाण्यात. आणि ही? आपली! मग चिमटू नये म्हणून नांग्यांना रबर, आणि पेटीत. धक्क्याला लागताना तो विचारायचा, किती मिळाल्या आज? पेटीतल्या तेवढ्या ती सांगायची. पाण्यात गेलेल्या कोण मोजतो? त्याच्या बापानेही कधी मोजल्या नव्हत्या.

"बाई, थांबा!"

"वेंडल."

"ती चुकत नाहीये, बाई. ती आधी निवडतेय!"

मातीचे गोळे थांबले. सगळी मुलं वळली.

"लहान धरली की गस्तीवाला दंड करतो, होडीसुद्धा जप्त करतो. फार मोठीही धरायची नाही, ती पिल्लं घालते. मापात बसेल तेवढीच आपली. बाकीची आपली नाहीतच, मग ती मोजेल कशाला?" वारा सुटल्यावर या होडीवरून त्या होडीवर ओरडावं, तसा तो बोलत होता. "बघा तुम्हीच. मधल्या आकाराची किती आहेत? चार. ती चारच म्हणणार. आणि चारच बरोबर आहे!"

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. टेबलावरच्या अस्वलांकडे पाहिलं. मांडीतल्यांकडे पाहिलं. ही अस्वलं त्या कितीतरी वर्षं वापरत होत्या.

"चार," त्या सावकाश म्हणाल्या.

"चार. पैज लावा."

"पुरे. मार्नी, चालू दे तुझं."

मार्नीचं चालूच होतं. तिने वर पाहिलंही नव्हतं. बाप ओरडतो, यात तिला नवीन काही नव्हतं. चिमुकली मांडीत गेली. मोठी मांडीत गेली. मधलं लाल उजवीकडे. मधलं हिरवं उजवीकडे. राहिलं मधलं निळं. अंगठा, बोट. बरोबर मापात. वेंडलने श्वास सोडला.

मार्नीने ते उलटं केलं. पाहिलं.

मांडीत टाकलं.

"तीन," ती म्हणाली.

•

पिवळं. लाल. हिरवं. टेबलावर तेवढीच. निळं त्यांच्याएवढंच होतं, केसाचाही फरक नाही; कोटांमधूनही दिसत होतं.

म्हणजे

म्हणजे त्यानेच सगळं रचलं होतं. पोरगी अस्वलांशी खेळत होती, आणि बापाने त्यात होडी पाहिली, माप पाहिलं, कायदा पाहिला. वीस मुलांसमोर ओरडून सांगितलं. आणि आता मार्नी इथेच राहणार, तिच्या बरोबरीची मुलं वरच्या वर्गात जाणार, आणि धक्क्यावर बीलच्या बाकावर आणखी एक नाव.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्यांची मेहेरबानी. पेन्सिलही उचलली नाही. खुर्ची मार्नीच्या जवळ ओढली.

"आणि ही निळी? ही मापात नाही का?"

"आहे."

"मग?"

मार्नीने सुस्कारा टाकला. मांडीतून निळं अस्वल शोधून काढलं आणि बाईंच्या नाकापुढे उलटं धरलं. मागच्या कडेला एक छोटा त्रिकोणी तुकडा उडालेला होता.

"खूण आहे. ही आई आहे. हिच्या पोटाखाली अंड्यांची गाबोळी होती तेव्हा कुणीतरी खूण करून सोडलीय. मग पुढे गाबोळी नसली तरी कुणीच धरायची नाही. आपणपण नाही."

"अगं, ते परवा रॉयनं चावलंय."

"मला भूक लागली होती," मातीच्या टेबलावरून रॉय म्हणाला.

"कुणी का चावेना," मार्नी म्हणाली. "खूण आहे."

वेंडल कधी टेबलापाशी आला ते त्यालाच कळलं नाही. तो उकिडवा बसला. निळं अस्वल हातात घेतलं, अंगठा त्या खाचेवरून फिरवला. खाच त्याला दिसली नव्हती. पाण्यावर, वाऱ्यात, हातमोजे घालून, सापळ्यांची घाई असताना दिसली असती का? अशी खाच त्याने मार्नीला एकदाच दाखवली होती, ऑक्टोबरात, एका ओल्या शेपटीवर, आणि दाखवतानाच त्याचं लक्ष पुढच्या बोयाकडे गेलं होतं.

"सोडलेली किती झाली गं?" बाईंनी विचारलं.

मार्नीने मांडीकडे पाहिलं नाही. "नऊ."

"न मोजताच?"

"सोडताना मोजली की."

"ती कशाला मोजलीस?" हे वेंडलने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"ती पुढच्या वर्षीची आहेत ना, बाबा."

बाईंनी मार्नीच्या मांडीत डोकावून पाहिलं.

"आणि सगळी मिळून?"

"बारा," मार्नी म्हणाली. कमी ऐकू येणाऱ्या माणसांशी बोलावं, तशी सावकाश.

"मग मला हे एकदा तरी सांगायचंस!"

"तुम्ही लगेच लिहायला लागायचात."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"वेंडल."

"हं, बाई."

"तू किती म्हणाला होतास?"

"चार."

"पैजही लावत होतास."

"लावत होतो."

"तुला अजून एक वर्ष ठेवायला हवं होतं."

वेंडलला आधी समजलं नाही. मग तो इतक्या जोरात हसला की चिमुकली अस्वलं मार्नीच्या मांडीवरून खाली सांडली. या खोलीत तो कधी हसला असेल, तर ते त्याला आठवत नव्हतं. हसता हसता त्याने रंगाच्या बाहीने डोळे पुसले आणि गालावर नारिंगी पट्टा उमटला.

"पहिलीच्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगणार आहे," थिबोडोबाई म्हणाल्या. "म्हणावं, हिच्यापुढे नुसतं मोजायचं ठेवू नका. ही वजाबाकी घेऊन येतेय."

"म्हणजे..."

"म्हणजे पहिलीत. आता जा. बाहेरचे सापळे काही चालत पाण्यात जाणार नाहीत."

तो गेला नाही. दारात उभा राहिला.

खुर्ची रिकामी झाली होती. त्यात रॉय येऊन बसला, हात मातीने भरलेले. मार्नी बाजूला सरली, पण फार लांब गेली नाही. बाईंनी सगळी अस्वलं पुन्हा त्याच्यापुढे ओतली. रॉयने एकेकाला बोट लावलं, लहानाला, मोठ्याला, चावलेल्याला, आणि शेवटच्या अस्वलापाशी येऊन ओरडला, "बारा!"

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तसं लिहिलंही.

मार्नी कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"लहानपण धरलीस?"

"सगळी धरली," रॉय छाती काढून म्हणाला.

"आणि खुणेची?"

"तीपण!"

मार्नीने त्याची होडी जप्त केली.